सुनेच्या माहेरचा वंशवृक्ष काढताय? या चुका टाळा

दर मंगळवारी दुपारी मी आमच्या गावच्या वाचनालयात, स्थानिक इतिहासाच्या खोलीत बसते. पगार नाही, कॉफी फुकट. सून इथली, अमेरिकेतल्या आयोवाची. तिच्या खापरपणजोबांचं शेत इथून वीस मैलांवर होतं, मका आणि डुकरं. त्यांचा माग काढता काढता मला हा नाद लागला. आता आपली मराठी मंडळीही येतात. कुणाचा जावई इलिनॉयचा, कुणाची सून विस्कॉन्सिनची, आणि नातवाला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितलेलं. आपल्या बाजूची नावं आजोबा घडाघडा सांगतात. दुसऱ्या बाजूला एकोणिसाव्या शतकातलं एखादं शेतकरी जोडपं आलं की गाडी अडते. मग एका शनिवारी रात्री कॉम्प्युटरवर बसून हीच माणसं दोन तासांत पार इंग्लंडच्या कुठल्यातरी सरदारापर्यंत पोचतात. तिथे मी हात जोडते.

सगळ्यात मोठी चूक हीच: दुसऱ्याने इंटरनेटवर टाकलेला वृक्ष उतरवून घेणं. चाळीस जणांनी तेच लिहिलंय, म्हणजे खरंच असणार, असं वाटतं. चाळीस जणांनी एकाच्याच वहीतून कॉपी केलेली असते. मीही केली होती, आणि माझी फजिती तर भिंतीवर टांगलेली होती.

सुनेच्या त्या खापरपणजोबांच्या बायकोचं नाव मेरी. मुलं नऊ. १८६०च्या जनगणनेत मेरीचं वय ३२, जन्म ओहायोचा. १८७०च्या जनगणनेत मेरीचं वय ३०, जन्म पेनसिल्व्हेनियाचा. दहा वर्षांत बाई दोन वर्षांनी लहान झाली! सगळ्या वृक्षांत याला एकच उत्तर: नोंद करणारा चुकला असेल. मीही मान डोलावली. बँकेत एकतीस वर्षं काढलेली मी, दोन रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसायची, आणि इथे ‘कारकून चुकला’ म्हणून मोकळी झाले. सुबक तक्ता छापला, फ्रेम केली आणि व्याह्यांच्या हॉलमध्ये लावलीसुद्धा.

जुलैत त्यांचं कुटुंबमेळाव्याचं जेवण होतं. सुनेची म्हातारी आत्याआजी काठी टेकत तक्त्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “पण थोरल्यांची आई वेगळी होती ना?”

घरी येऊन मी १८७०चं पान पुन्हा उघडलं. मुलांची वयं १९, १७, १४, ९, मग ६, ४ आणि १. तीस वर्षांच्या बाईला एकोणीस वर्षांचा मुलगा. अकराव्या वर्षी बाळंत झाली का ही? आणि एक गोष्ट मी विसरले होते: १८५०पासून घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला लागले, पण कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना आला १८८०मध्ये. १८७०च्या पानावर ‘बायको’, ‘मुलगा’ असं काही लिहिलेलंच नसतं. ते आपण मनाने वाचतो.

१९००च्या जनगणनेत मात्र सोनं असतं. लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात, हे सगळं विचारलेलं. आमच्या मेरीसमोर लिहिलं होतं: लग्नाला ३७ वर्षं, मुलं ५, हयात ४. म्हणजे लग्न १८६३च्या आसपासचं, आणि थोरला तर १८५१चा. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, लग्ननोंदीत १८६३चं लग्न सापडलं. मग मक्याच्या शेतांमधल्या चर्चच्या छोट्या दफनभूमीत गेलो. दगड शेवाळलेला, कलता. आमच्या ह्यांनी बाजूने आरसा धरला, उन्हाची तिरीप आडवी पडली आणि अक्षरं वर आली: मेरी, अमक्याची ‘कॉन्सॉर्ट’, मृत्यू १८६२, वय ३४ वर्षं २ महिने ११ दिवस. कॉन्सॉर्ट म्हणजे नवरा मागे आहे. विधवा असती तर ‘रेलिक्ट’ लिहिलं असतं. तर मेरी दोन. चार मुलं पहिलीची, पाच दुसरीची. वर्षाच्या आत दुसरं लग्न, म्हणून नाकं मुरडू नका. अंगावरचं पोर वर्षाचं, गोठ्यात गाई दुभत्या, आणि घरात बाई नाही. माणूस करणार काय? सवतीची चार पोरं वाढवलेल्या या दुसऱ्या मेरीला मी पहिलीत मिसळून टाकलं होतं.

तेव्हापासून माझी सवय: एका जोडप्याला एक मोठा कागद. डावीकडे सालं, वर माणसं, प्रत्येक चौकोनात पेन्सिलने त्या साली किती वय. मुलांमध्ये मोठं अंतर दिसलं की थांबायचं. तिथे एखादं गेलेलं मूल असतं, नाहीतर गेलेली आई. सॉफ्टवेअर हे करून देतं म्हणतात. देत असेल. हाताने लिहिताना जे खटकतं, ते पडद्यावर मला खटकत नाही.

दुसरं माझं दुखणं म्हणजे ‘आमचे होमस्टेडर होते’, म्हणजे सरकारी जमिनीवर राहून, ती कसून नावावर करून घेणारे. एक गृहस्थ दोन महिने होमस्टेडच्या फाइलची वाट बघत होते. शेत घेतलेलं १८५६मध्ये. अहो, कायदाच १८६२चा! १६० एकर, पाच वर्षं राहून कसायचं, मग जमीन नावावर. तोवर पूर्व आयोवातली बरीचशी सरकारी जमीन विकून झाली होती, एकरी सव्वा डॉलरने. १६० एकरांचे दोनशे डॉलर. शिवाय पुष्कळांनी ती सरकारकडूनही घेतलेली नसते, आधीच्या मालकाकडून किंवा रेल्वे कंपनीकडून घेतलेली असते. मग सरकारी पट्ट्यात त्यांचं नाव येणार कुठून? काउंटी रेकॉर्डरकडे जा, खरेदीखतांच्या सूचीत विकणारा आणि घेणारा दोन्हीकडे बघा. आपल्याकडे फेरफार बघतो तसंच. आणि खत शेवटपर्यंत वाचा. जमिनीत बायकोचा हक्क असायचा, म्हणून विकताना तिची सही लागे, आणि बऱ्याच ठिकाणी अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत, राजीखुशीने सोडतेस ना? नावापुढे एक वेडीवाकडी फुली असते. तिच्या हातचं कागदावर उरलेलं पुष्कळदा तेवढंच.

खतातलं जमिनीचं वर्णन बघून घाबरू नका. टाउनशिप म्हणजे जमीनमोजणीतला सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, पुढच्या ओळीत पूर्वेकडे वळतात, नांगराचे बैल वळतात तसे. कारभाराची टाउनशिप, म्हणजे स्थानिक कारभाराचा विभाग, ही वेगळी भानगड. नाव सारखं म्हणून दोन्ही एक समजू नका.

आता बाकीच्या, भराभर.

१८९०ची जनगणना मागू नका. १९२१च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या आगीत तिची वाट लागली, उरलेलं पुढे सरकारनेच नष्ट केलं. आयोवासाठी राज्याची स्वतःची १८८५ आणि १८९५ची गणना आहे.

१८८०च्या आधीचा आयोवाचा जन्मदाखलाही मागू नका. राज्याने नोंदी ठेवायला सुरुवात त्या साली केली. लग्नं मात्र काउंटीत आधीपासून नोंदलेली असतात.

‘एलिस आयलंडवर आमचं आडनाव बदललं.’ न्यूयॉर्कच्या बंदरातलं ते बेट, बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं, उघडलं १८९२ला. तुमचे पूर्वज १८५४मध्ये आले. शिवाय प्रवाशांच्या याद्या जहाज सुटतानाच तयार व्हायच्या.

१८६०मध्ये जन्मस्थान ‘हॅनोव्हर’ आणि १८८०मध्ये ‘जर्मनी’ दिसलं तर माणूस बदललेला नसतो. जर्मनी एक झाली १८७१मध्ये, १८६०मध्ये हॅनोव्हर हे वेगळं राज्य होतं.

जुन्या वळणात दोन एस लागोपाठ आले की पहिला एफसारखा दिसतो. त्यामुळे रॉस यादीत रॉफ्स होऊन बसतो. शोधताना तसंही टाकून बघा.

काउंटीच्या जुन्या जाडजूड इतिहासग्रंथांतली चरित्रं बहुधा त्याच माणसांनी सांगितलेली, आणि ग्रंथ आगाऊ वर्गणीवर निघालेले. स्थळाच्या बायोडाटावर ठेवाल तेवढाच विश्वास ठेवा.

आणि थडग्याच्या दगडाला तारेचा ब्रश, ब्लीच, दाढीचा फेस लावणाऱ्यांना माझ्या खोलीत जागा नाही. पाणी, मऊ ब्रश, आरसा. बास.

व्याह्यांच्या हॉलमध्ये आता नवा तक्ता आहे, दोन मेरींचा. पहिलीचं माहेरचं आडनाव सापडलेलं नाही, तिथे मी रिकामी रेघ सोडलीय. मागच्या महिन्यात इंटरनेटवर कुणीतरी त्या जागी एक आडनाव ठोकून दिलं. कुठून मिळालं म्हणून विचारलं. उत्तर आलं, “दुसऱ्या एका वृक्षात होतं.”