जुन्या रेडिओच्या स्पीकरचं कापड बदलताय? या चुका टाळा

आजोबांचा ठाण्यात बनलेला मर्फी रेडिओ मी दुरुस्तीला घेतला तेव्हा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या), कंडेन्सर (वीज साठवणारे भाग), डायलची दोरी, सगळं मनासारखं जमलं होतं. पॉलिशही झकास. पण आवाज मात्र तोंडावर उशी धरून कुणी बोलावं तसा. दोन रविवार मी आउटपुट व्हॉल्व्ह आणि टोन कंट्रोलच्या मागे लागलो. शेवटी आई म्हणाली, "अरे, तो पडदा काढून बघ की!" पडदाच होता तो. हॉलच्या पडद्यातलं उरलेलं जाड सोनेरी कापड, रंग जुळला म्हणून मी लावलं होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच: कापड डोळ्यांनी निवडणं. मीडियम वेव्हच्या सेटमधून मुळातच साधारण चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर येत नाही. स, श, च ही अक्षरं ओळखू येतात ती जे बाहेर येतं त्याच्या वरच्या टोकाच्या जोरावर. दाट विणीचं कापड नेमकं तेवढंच खातं. मग बातम्या देणारा माणूस सर्दी झाल्यासारखा वाटायला लागतो आणि आपण बिचाऱ्या कंडेन्सरला दोष देतो.

म्हणून दुकानातच कापड ओठांसमोर ताणून धरायचं आणि फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा जवळजवळ कापड नसल्यासारखा लागला पाहिजे. दुकानदार बघत राहतो, बघू दे. घरी आणल्यावर एक परीक्षा आणखी. दुसरा कुठलाही चालू स्पीकर घ्या, बोलण्याचा कार्यक्रम लावा, तुकडा समोर धरा, बाजूला करा, पुन्हा धरा. फरक कानाला कळला तर ते कापड बाद. मखमल, कॅनव्हास, सुटाचं टेरिकॉट इथेच गळतं.

गोणपाट मात्र फसवतं. भोकं मोठी, फुंकर आरपार, शिवाय दिसायलाही जुनं. पण त्याची कुसं झडत राहतात, आणि ती स्पीकरमधल्या कॉइलच्या फटीत शिरली की खरखर सुरू. मच्छरदाणीचा त्रास उलटा: आवाजाला काही अडथळा नाही, पण मागचं भोक, स्पीकरचा कागदी कोन, स्क्रू, सगळं दर्शन समोरून. विरळ कापड लावायचंच असेल तर आधी स्पीकर आणि कापड ज्यावर बसतं त्या लाकडी फळीची दर्शनी बाजू काळ्या मॅट रंगाने रंगवा आणि मागे काळी पातळ जाळी घ्या. मला स्वतःला भरतकामाचं विरळ मॅटी चांगलं लाभलं आहे. त्याची खळ मात्र धुऊन काढावी लागते, नाहीतर भोकं बुजलेलीच राहतात.

जुनं कापड कचऱ्यात टाकू नका, कितीही फाटलेलं असो. फळीच्या कडेखाली दुमडलेली पट्टी उलगडून बघा. तिथे ऊन, धूळ, विडीचा धूर काही पोचलेलं नसतं. आमच्या मर्फीचं कापड मी तपकिरी समजत होतो; पट्टी निघाली साईच्या रंगाची, मध्ये बारीक चमकता धागा. नमुना शोधायचा तो त्या पट्टीवरून. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मेलेला मोठा सेट मिळाला तर त्याचं कापड कापून लहान सेटला बसतं, हा सगळ्यात समाधानाचा मार्ग. आणि जुनं कापड बरं असेल तर मऊ ब्रशने कोरडंच झाडा. त्यात बऱ्याचदा रेयॉन असतं, आणि रेयॉन ओलं झालं की त्याचा जोर जातो. माझा एक तुकडा साबणाच्या पाण्यात भिजलेल्या पापडासारखा हातात आला.

नवं कापड फार पांढरं वाटलं तर गार चहाच्या पाण्यात बुडवा, पण अख्खा तुकडा एकदम, आणि चिकटवण्याआधी. सावलीत वाळवून इस्त्री करा.

चिकटवताना घाई नडते. पातळ केलेला पांढरा गोंद कापडातून वर येतो आणि समोर चकचकीत डाग सोडतो. सुती कापड त्या ओलाव्याने आखडतं, रेषा वाकड्या होतात. गोंद फळीच्या फक्त कडेला, बोटभर रुंद पातळ थरात लावा, जरा चिकटसर होऊ द्या, मग कापड दाबा. प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्याकडे जायचं, चिमटे लावत. डायलच्या सरळ काचेशेजारी दोन धाग्यांचा तिरकेपणाही रोज डोळ्यांत खुपतो.

हे सगळं करण्याआधी प्लग काढलेला हवा, आणि नंतरही थोडं थांबा, कारण फिल्टर कंडेन्सर चार्ज धरून ठेवतो. एसी-डीसी सेटमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे प्लग लावलेला असताना चॅसीलाच (आतल्या धातूच्या सांगाड्याला) करंट असू शकतो. काम चालू असताना कोनावर पुठ्ठा ठेवा. स्क्रूड्रायव्हर एकदाच घसरतो, भोक कायमचं पडतं. शिवाय सुटलेल्या पिना स्पीकरमधला लोहचुंबक ओढून घेतो. आणि "बाकी चालतंय का बघू" म्हणून स्पीकर न जोडता सेट चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

सगळं बसवल्यावर एखाद्याच सुराला झणझण ऐकू आली तर चालू सेटवर समोरून कापडाला बोट हलकेच टेकवा. आवाज थांबला तर कापड ढिलं आहे, फळीवर आपटतंय. नाही थांबला तर प्लग काढून स्पीकरचे स्क्रू आवळून बघा, मग कोनाची कड. पॉलिएस्टरचा ढिलेपणा हेअर ड्रायरने जातो, मात्र आधी कातरणावर करून बघा. काही कापडं आखडण्याऐवजी वितळतात.

उरलेला तुकडा आणि ती मूळ पट्टी पाकिटात घालून सेटचं नाव लिहून ठेवा. कॅबिनेटच्या आत नको. व्हॉल्व्ह चांगलेच तापतात.