कान पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या कुत्र्यासाठी पावसाळ्याआधीची तयारी

आधी एक वही घ्या. कुत्र्याचा कान याआधी कधी कधी बिघडला, डावा की उजवा, कुठलं औषध किती दिवस घातलं आणि बंद केल्यावर किती दिवसांनी पुन्हा वास यायला लागला, हे तिच्यात आठवेल तसं लिहून काढा. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं आणि फोनमधले जुने फोटो पाहिले की तारखा लागतात. आमच्या सोनीचं, म्हणजे ६ वर्षांच्या लॅब्रॅडॉरचं, असं पान मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा २ वर्षांत कान ५ वेळा बिघडल्याचं दिसलं. त्यातल्या ३ वेळा मी दवाखान्यात न जाता मागचीच बाटली पुन्हा आणली होती. ४ दिवसांत तिचं मान झटकणं थांबायचं, की मी औषध बंद करायचे. आतला आजार तसाच राहायचा आणि ती मुकाट सोसत राहायची. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच पानावर पंजे चाटणं, पोट लाल होणं, काखेत आणि जांघेत खाजवणं, बूड जमिनीला घासणं यांचीही नोंद करा. कानाच्या नळीचं अस्तर म्हणजे कातडीच. अंगाच्या कातडीला अॅलर्जी असली की नळीलाही सूज येते, मळ वाढतो, ओल धरते. एरवी तिथे निमूट राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी आणि स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू मग माजतात. थेंबांनी बुरशी मरते, अॅलर्जी जागच्या जागी राहते, म्हणून दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. कारण तेवढं एकच नसतं. कानातले किडे, थायरॉइडची कमतरता, नळीत अडकलेलं काही, यांनीही कान बिघडतो. पण लॅब्रॅडॉर, गोल्डन, कॉकर, पग, जर्मन शेफर्ड यांतलं कुत्रं असेल आणि त्रास पहिल्या ३ वर्षांत सुरू झाला असेल, तर अॅलर्जीचा विचार आधी करावा. महिना जरूर लिहा. ठरावीक दिवसांतच त्रास होतो की बारमाही आहे, यावर डॉक्टरांचा पुढचा तपास ठरतो.

आता दवाखान्यात जायची तयारी. कान बिघडलेला असताना जाणार असाल तर आदल्या दोन दिवसांत कान धुऊ नका, घरातलं औषध घालू नका. स्वच्छ करून नेलं तर चांगलं दिसेल असं वाटतं, पण तो मळच डॉक्टरांना हवा असतो. कापसाच्या बोळ्याने तो काचेच्या पट्टीवर घेतात, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहतात. १०-१५ मिनिटांचं काम आहे. मॅलॅसेझिया तिथे चक्क भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराची दिसते, आपल्या सोलापूरकरांना लगेच ओळखू येईल अशी. गोल दाणे दिसले तर जंतू वेगळे, काड्या दिसल्या तर आणखी वेगळे. काड्यांसारखे जंतू, त्यातही स्यूडोमोनास, चिवट असतात. तेव्हा कुठलं औषध लागू पडेल यासाठी कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेली तपासणी, करून घ्यावं लागतं. ही तपासणी न करता थेंब लिहून दिले तर आदराने विचारा, ‘डॉक्टर, मळ तपासून बघता का?’ दुसरा प्रश्न कानाच्या पडद्याचा. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणंच जाऊ शकतं, म्हणून पडदा दिसला का, हे विचारूनच निघा. सूज इतकी असेल की आत काहीच दिसत नाही, तर आधी सूज उतरवून पुन्हा बोलावतात. ती दुसरी फेरी टाळू नका.

कुसळांचं मी वेगळं सांगते, कारण आपल्या भागात ही गोष्ट फार आहे. दिवाळीनंतर जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटांवर, विजापूर रोडच्या कडेला आणि गावाबाहेरच्या माळावर गवत वाळतं आणि कुसळं अंगाला चिकटायला लागतात. कुसळाची रचना अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते, त्या वळणापलीकडे कुसळ गेलं की वरून दिसत नाही. फिरून आल्यावर कुत्रं अचानक एकाच बाजूला मान तिरकी करून झटके द्यायला लागलं, तर थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रोजची तयारी म्हणून दाराशी एक बारीक दातांचा कंगवा टांगून ठेवा. घरात घेण्याआधी कानाच्या पाळीची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या आणि काखा तपासायच्या.

कान धुण्याचं सामान म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं क्लीनर, कापसाचा गठ्ठा आणि एक जुना टॉवेल. आपल्याकडे टॉवेलांची वाण नाही. जाडसर टर्किशचा घ्या, पाणी चटकन टिपतो. कान कोरायच्या काड्या मात्र घरात असल्या तरी कुत्र्यासाठी नाहीत, त्यांनी मळ वळणापलीकडे ढकलला जातो. बाटली आधी २ मिनिटं हातात धरून कोमट करा, थंड थेंबाने कुत्रं दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळतं. पाळी वर धरायची, नळी भरेल इतकं क्लीनर ओतायचं, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळायचं. आतून पचपच असा आवाज आला म्हणजे पोचलं. मग त्याला मान झटकू द्या आणि बोटाला कापूस गुंडाळून जेवढं बोट जाईल तेवढंच पुसा. औषधाचे थेंब त्यानंतर १०-१५ मिनिटांनी. कान बरा असताना आठवड्यातून एकदा पुरतं, रोज धुतल्यानेही कातडी सोलवटते. हात लावताच विव्हळत असेल तर धुणं थांबवा, दुखणं कमी करायचं औषध आधी लागेल.

अंघोळीचा दिवस नळाच्या दिवसाला बांधून घ्या. पाणी काही दिवसांआड येतं तिथे हे ठरवलं नाही तर औषधी अंघोळ राहूनच जाते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू अंगावर १० मिनिटं राहिला तरच काम करतो, म्हणून फोनवर गजर लावा. शेवटी स्वच्छ पाण्याने नीट धुवा. बोटांच्या बेचक्या आणि कानामागची जागा टॉवेलने कोरडी करा. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही.

गोचिडांची गोळी पावसाळ्याआधीच सुरू करा. काही गोळ्या महिनाभर टिकतात, फ्ल्युरालेनर नावाच्या औषधाची १२ आठवडे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेली औषधं आणूच नका, मांजर मरू शकतं. भिंतीच्या फटी आणि कुत्र्याच्या अंथरुणाखालची जागाही झाडून घ्या, आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरातच अंडी घालतो.

सगळ्यात अवघड तयारी खाण्याची, आणि ती कुत्र्याची कमी, घरातल्या माणसांची जास्त. खाण्याची अॅलर्जी आहे का हे बघायला डॉक्टरांनी आहाराची परीक्षा सांगितली तर किमान ८ आठवडे ठरलेल्या अन्नाशिवाय तोंडात काही जाता कामा नये. कुत्र्यांना अॅलर्जी करणाऱ्या पदार्थांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू पुढे आहेत. आमच्याकडे सासूबाई सकाळी दूध-भाकरी द्यायच्या, शेजारच्या काकू बिस्किट टाकायच्या. मी दोघींसमोर बसून सांगितलं, ‘आई, डॉक्टरांनी ठरवलेल्या अन्नात रताळं आहे, ८ आठवडे तिला तुमच्या हातचं तेच द्या, पण भाकरी नको.’ त्यांना हातानेच द्यायचं होतं, ते त्यांना मिळालं, म्हणून परीक्षा टिकली. चवदार गोळ्यांमध्येही मांसाचा अंश असतो, त्या चालू ठेवायच्या का हे आधी विचारा. फरक पडला तर जुनं अन्न पुन्हा देऊन बघतात. खाज २ आठवड्यांत परतली तर दोषी सापडला. रक्ताच्या किंवा केसांच्या तपासणीवरून खाण्याची अॅलर्जी ठरवण्यावर पैसे घालवू नका, ती भरवशाची नाही.

कपाटही उपसा. अर्ध्या वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या आणि माणसांची खाजेची मलमं बाजूला काढा. त्या मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. गरम लसणाचं तेल, कापूर घातलेलं खोबरेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, यातलं काहीही कानात जाऊ देऊ नका. वडीलधारी मायेनेच सुचवतात, पण सुजलेल्या नळीत ते जाळतं, आणि लसूण व कापूर कुत्र्याच्या पोटात गेले तर विषासारखे.

रात्री-अपरात्री नेण्यासाठी डॉक्टरांचा नंबर दारामागे चिकटवा. मान एका बाजूला कललेली, तोल जाणं, गोल गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, थेंब घातल्यावर अचानक ऐकू न येणं, किंवा झटकून झटकून पाळी गादीसारखी फुगणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि कॅलेंडरवर फेरतपासणीच्या तारखेला गोल करा. कान कोरडा, वास नाही, कुत्रं आनंदात असलं तरी त्या दिवशी जायचं, काचपट्टीवर पुन्हा मळ बघून घ्यायचा, आणि थेंब कधी बंद करायचे ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकून वहीत लिहायचं.