नवीन जॉइनरना पॉश ट्रेनिंग कसं द्यायचं, छोट्या कंपनीच्या एचआरसाठी

सगळ्यात आधी सगळे हेच विचारतात की किती तासांचं ट्रेनिंग कंपल्सरी आहे. तर २०१३ च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्यात, तास दिलेलेच नाहीत, जॉइन झाल्यावर अमुक दिवसांत द्या असंही नाही, कलम १९ म्हणतं की मालकाने नियमितपणे वर्कशॉप आणि जनजागृतीचे कार्यक्रम घ्यायचे, बस. त्यामुळे बरेच जण डिसेंबरात एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मोकळे होतात आणि जानेवारीत आलेली मुलगी वर्षभर कोरीच राहते. त्यापेक्षा इंडक्शनलाच, पीएफचे फॉर्म भरून घेता त्याच दिवशी, तासभर काढा.

ट्रेनिंगच्या आधी नोटीस बोर्ड बघून या. खरंच बघा. दहा किंवा जास्त माणसं असली की अशा तक्रारी ऐकणारी कंपनीची अंतर्गत समिती लागतेच, तिच्या नेमणुकीची ऑर्डर सगळ्यांना दिसेल अशी लावायची असते, आणि कितीतरी ठिकाणी तो कागद वॉटर कूलरच्या मागे असतो आणि त्यावर नोकरी सोडून गेलेल्या मॅडमचा मोबाईल नंबर. मेंबरची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते तेही तपासा. अध्यक्ष सीनियर बाईच हवी, निम्म्या तरी मेंबर बायका हव्यात आणि एक मेंबर बाहेरचा, एनजीओ वगैरेतला. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, मग बोर्डावर तिचा पत्ता लावा.

बोलवायचं कोणाला? सगळ्यांना. ट्रेनी, अप्रेंटिस, प्रोबेशनवाले, कॉन्ट्रॅक्टवरच्या हाऊसकीपिंगच्या मावशी, सगळे कायद्याने कर्मचारीच आहेत. कॅबचे ड्रायव्हर आणि सिक्युरिटीवाले तर हमखास राहून जातात, आणि कंपनीची गाडी हीसुद्धा कामाचीच जागा धरली जाते. मावशींना इंग्लिश स्लाइड दाखवून काय उपयोग, मराठीत नाहीतर हिंदीत बोला.

व्याख्या वाचून दाखवू नका, उदाहरण द्या. टीम लीडर रात्री साडेअकराला मेसेज टाकतो, "डीपी मस्त आहे, झोपली नाहीस अजून?" तिने उत्तर दिलं नाही तरी दुसऱ्या दिवशी परत. हात लावलेला नाही, घाणेरडा शब्द नाही, मग हे चालतं का, असं विचारा आणि गप्प बसा. पाच मिनिटांत खोली दोन गटांत वाटली जाते. मग सांगा की समोरच्या बाईला ते नकोसं होतं का हे बघतात, "मी गंमत केली" एवढ्याने सुटका होत नाही.

तक्रारीचं मात्र नीट सांगा, कारण लोकांच्या लक्षात तेच राहायला हवं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची, तोवर तक्रार करणारी बाई बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. नावं बाहेर फोडायची नाहीत, कॅन्टीनमध्येसुद्धा नाही.

मागच्या रांगेतून एक प्रश्न येणारच, "खोटी तक्रार केली तर?" टाळू नका, चिडूही नका. मुद्दाम खोटी केली हे चौकशीत सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद आहे, पण नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पुरुषांचं काय असंही विचारतील, हा कायदा महिलांच्या तक्रारींसाठीच आहे, पण कंपनी स्वतःच्या पॉलिसीत सगळ्यांना घेऊ शकते आणि माझ्या मते घ्यावं.

शेवटी तारीख टाकून सह्या घ्या आणि शीट समितीच्या फाईलला लावा. वार्षिक अहवालात किती वर्कशॉप झाले ते लिहावं लागतं. समितीच नेमली नाही किंवा कायदा पाळला नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर डबल आणि लायसन्सही जाऊ शकतं, साहेब वेळ देत नसतील तर ही ओळ त्यांना दाखवा.