आधी एक खिडकी, मग मोंटाज: पुण्यात पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकायला लागलेल्यांसाठी

नवे विद्यार्थी फोटोमोंटाजकडे, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे जोडून एक चित्र करण्याकडे, बहुधा सॉफ्टवेअरचा विषय म्हणून बघतात. लेअर (चित्राचे एकावर एक थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) जमले की मोंटाज जमला, असा समज असतो. खरं तर मोंटाज फसतो तो कॅमेऱ्यापाशी. एका चेहऱ्यावर उजेड डावीकडून आलेला असतो, दुसऱ्यावर उजवीकडून. एक फोटो उभ्याने काढलेला, दुसरा बसून. एकातली सावली मऊ, दुसऱ्यातली कडक. कापाकापी कितीही सफाईदार केली तरी हे दोष झाकले जात नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन महिने फक्त पोर्ट्रेट, तेही एकाच प्रकाशस्रोतावर, असा क्रम ठेवा. हा काळ वाया जात नाही, पुढचं सगळं काम याच पायावर उभं राहतं.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. पदवीचा रस्ता धरायचा तर उपयोजित कलेचा चार वर्षांचा बीएफए आहे आणि त्यासाठी राज्याची दृश्यकलेची सीईटी द्यावी लागते. टिळक रस्त्यावरचं अभिनव कला महाविद्यालय यासाठी पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं नाव अनेकांच्या मनात असतं, पण तिथला कॅमेऱ्याचा मुख्य अभ्यासक्रम सिनेमाच्या छायालेखनाचा आहे आणि सिनेमातला मोंटाज म्हणजे संकलनातली दृश्यांची जुळणी. तो विषय वेगळा. कुठल्याही वर्गात पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: आठवड्याला स्टुडिओत प्रत्यक्ष किती तास मिळतात, आणि प्रिंट काढून त्यावर चर्चा होते का? स्क्रीनवरच संपणाऱ्या वर्गात मोंटाज नीट शिकता येत नाही.

कॅमेरा जुना चालतो. क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आणि ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. ८५ मि.मी.चं आकर्षण सगळ्यांना असतं, पण आपल्या खोल्यांचं गणित आधी मांडा. पेठेतली किंवा कोथरूडच्या जुन्या सोसायटीतली खोली दहा बाय दहा फूट, म्हणजे जेमतेम तीन मीटर. भिंतीपासून एक मीटर पुढे माणूस बसवला आणि दीड मीटरवर कॅमेरा ठेवला, तर क्रॉप सेन्सरवर ५० मि.मी.च्या उभ्या चौकटीत साधारण ७० सें.मी. उंचीचा भाग मावतो. डोक्यापासून छातीपर्यंतचं पोर्ट्रेट बसलं. उभा माणूस पायापर्यंत हवा असेल तर चार मीटरच्या थोडं वर अंतर लागतं आणि ८५ मि.मी.ला जवळजवळ सात. त्यासाठी गच्ची किंवा पार्किंगच गाठावं लागेल.

नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे. किट लेन्स १८ मि.मी.वर ठेवून अर्ध्या मीटरवरून चेहरा टिपला की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. लेन्स कोणतीही असो, दीड मीटरच्या आत जायचं नाही. या अंतरावर ५० मि.मी.ला एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, स्पष्टतेची खोली फक्त सहा-सात सें.मी. असते, त्यामुळे मान वळलेली असली की लांबचा डोळा धूसर होतो. मोंटाजसाठी तर हे फारच अडचणीचं, कारण धूसर कान आणि केस स्वच्छ कापताच येत नाहीत. एफ/४ ला हीच खोली चौदा सें.मी.च्या आसपास जाते. तिथूनच सुरुवात करा. हातात कॅमेरा असेल तर शटर १/१६० च्या खाली नको.

आता प्रकाश. पहिला सराव खिडकीवर. माणसाला खिडकीपासून मीटरभर अंतरावर, चेहरा खिडकीशी ४५ अंशांत वळवून बसवा. खिडकीचा खालचा भाग पुठ्ठ्याने झाका, म्हणजे उजेड वरून उतरतो. नाकाची सावली गालाकडे तिरकी पडेल. मान हळूहळू वळवत नेली की सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. यालाच रेम्ब्राँट प्रकाश म्हणतात. तो त्रिकोण दिसेपर्यंत शटर दाबू नका. मग सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा, अर्ध्या मीटरवर एकदा आणि एक मीटरवर एकदा. नंतर तिच्याजागी काळा कार्डशीट धरा. एकाच चेहऱ्याचे हे तीन फोटो शेजारी ठेवले की प्रकाशाचं गुणोत्तर कळतं. थर्माकोल बोहरी आळीत सहज मिळतो.

उत्तरेच्या खिडकीचा सल्ला युरोपातल्या पुस्तकांतून आला आहे. तो पुण्याला अर्धाच लागू पडतो. आपण साडेअठरा अक्षांशांवर आहोत. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. त्या महिन्यांत खिडकीवर पांढरी मलमल ताणून लावा. मेमधल्या दुपारी उघड्यावर पोर्ट्रेट काढू नका. सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो आणि ते थर्माकोलने भरून निघत नाही. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ पोर्ट्रेटला सुंदर असतं, फक्त लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. दमट कपाटात बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

घरातले आजोबा-आजी हे सगळ्यात चांगले मॉडेल, आणि सगळ्यात कठीणही. पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एका चौकटीत आले की टोपीतला तपशील जळतो. एक्स्पोजर टोपीवर सांभाळा, चेहरा थर्माकोलने उजळा आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. उलट, पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. चष्म्यात खिडकी दिसत असेल तर "आजोबा, चष्म्याच्या काड्या कानावर जरा वर घ्या" म्हणा. काचा खाली झुकतात आणि चमक जाते. जरीवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून उपयोग नाही. धातूवरची चमक त्याने कमी होत नाही, साडीचा पदर थोडा फिरवावा लागतो.

रात्री ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली काम कराल तर फोटोत आडवे पट्टे येतील. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे जातात. १/१०० ला हात हलू शकतो, म्हणून ट्रायपॉड लावा. दिवा विकत घ्यायचाच तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या पुढचा बघा. कमी सीआरआयच्या दिव्यात त्वचेतला लाल रंग मरतो आणि चेहरा आजारी दिसतो. नंतर तो रंग दुरुस्त करणं फार कष्टाचं.

एवढं हातात बसलं की मोंटाज. आणि तो कागदावरूनच सुरू करावा, असं आमचं ठाम मत आहे. या कलेचा जन्मच कातरीतून आणि डार्करूममधून झाला. इंग्रज छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून एक प्रिंट केली. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना होख आणि तिचे सहकारी छापील मासिकं कापून मोंटाज करत होते. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी भक्तांचे छापील फोटोचेहरे रंगवलेल्या देहांवर चिकटवले. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१च्या सुमारास अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेल्या कुटुंबाच्या जुन्या फोटोंवरून डिजिटल मोंटाज केले. ते बघताना वेगवेगळ्या काळातल्या माणसांवरचा उजेड एकमेकांशी कसा जुळवून घेतला आहे, ते शोधा.

कागदी सरावाचं साहित्य: ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल, कटिंग मॅट, मॅट कागदावरच्या प्रिंट, ग्लू स्टिक. हे सगळं अप्पा बळवंत चौकात मिळतं. जुनी मासिकं बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चाळा. पातळ केलेला फेव्हिकॉल वापरू नका, पाण्याने कागद फुगतो आणि वाळला की कडा उचलतात. कापताना ब्लेड किंचित आत झुकवा, म्हणजे कागदाची पांढरी कड खाली दबते. मग तुकडा उलटा करून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने मागची कड घासून पातळ करा. तरीही पांढरी रेघ उरली तर तिला जवळच्या रंगाची पेन्सिल लावा. आधी झेरॉक्सवर मांडणी ठरवा, मूळ प्रिंटला शेवटी हात लावा. पुरं झालेलं काम पुन्हा कॅमेऱ्यात घेताना दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा आणि कॅमेरा कागदाला अगदी समांतर.

डिजिटल मोंटाजमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते क्षितिजाकडे. नियम सोपा आहे. सपाट जमिनीवर कॅमेरा १.२ मीटर उंचीवर असेल, तर क्षितिजरेषा चौकटीतल्या प्रत्येक उभ्या माणसाला जमिनीपासून १.२ मीटरवरच छेदते, तो जवळ असो की लांब. १.६ मीटर उंचीच्या माणसाला ती पाऊण उंचीवर, छातीशी छेदेल. म्हणजे पार्श्वभूमी आणि माणूस दोन्ही एकाच उंचीवरून टिपले असतील, तर माणूस कितीही लहान-मोठा करा, क्षितिज त्याच्या छातीवर ठेवलं की पाय आपोआप जमिनीला लागतात. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी क्षितिज इमारतींआड असतं. तिथे फुटपाथची कड आणि दुकानांच्या पाट्यांची ओळ पुढे वाढवत न्या. त्या जिथे मिळतात, तीच क्षितिजाची पातळी. पार्श्वभूमी टिपताना चार गोष्टींची नोंद वहीत करा: कॅमेऱ्याची उंची, फोकल लेंग्थ, वेळ आणि सूर्याची दिशा. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, ती आधी काढा.

सावलीची लांबीही मोजता येते. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली उंचीएवढी, ३० अंशांवर उंचीच्या पावणेदोन पटीच्या जवळपास. चप्पल जमिनीला टेकते तिथे सावली सगळ्यात गडद आणि धारदार हवी. पुढे ती वस्तू जमिनीपासून जेवढी उंच, तेवढी कड मऊ होत जाते. उन्हात मीटरभर अंतराला साधारण एक सें.मी. सबंध सावलीला एकसारखा ब्लर दिला की माणूस तरंगतो. पायाखालची ती बारीक गडद रेघ विसरली, तरी तरंगतोच.

केसांसाठी हिरवा पडदा लावू नका. लहान खोलीत त्याची हिरवी झाक गालावर आणि केसांच्या टोकांवर चढते. शेवटी ज्या पार्श्वभूमीवर माणूस बसणार, तिच्या उजेडाशी मिळतीजुळती राखाडी पार्श्वभूमी लावा. मांजरपाट रंगवून घेतला तर स्वस्तात काम होतं. पांढऱ्या पडद्यावर काढलेले काळे केस अंधाऱ्या दृश्यात नेले की भोवती पांढरी झालर दिसते. खोडरबर वापरायचा नाही, कायम लेअर मास्क. मास्कची कड अर्धा ते एक पिक्सेल मऊ ठेवा. धारदार ठेवली तर कात्रण दिसतं, जास्त मऊ केली तर धुकं. हे सगळं मोफत मिळणाऱ्या गिंप या सॉफ्टवेअरमध्येही होतं.

जुळणी तपासताना सगळ्यांच्या वर एक कृष्णधवल ॲडजस्टमेंट लेअर टाका. रंग गेले की उजेडातला फरक लगेच उघडा पडतो. दोन्ही फोटोंतली सगळ्यात गडद जागा सारखीच गडद आहे का, ते आधी बघा. लांबच्या पार्श्वभूमीत धुरकटपणामुळे काळा रंग राखाडी झालेला असतो, आणि स्टुडिओतला काळा तिथे शाईसारखा उठून दिसतो. मग वरचा लेअर बंद करून रंग, शेवटी ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा). माणसाचा तुकडा शंभर टक्क्यांपेक्षा मोठा करू नका. मोठा लागणारच असेल, तर पुन्हा शूट करा.

ज्यांचा चेहरा वापरणार, त्यांना मोंटाजचा कच्चा आराखडा दाखवून लेखी संमती घ्या. पोर्ट्रेटला दिलेला होकार मोंटाजला लागू होत नाही. वेगळ्या देहावर किंवा वेगळ्या जागी स्वतःचा चेहरा बघणं प्रत्येकाला रुचेलच असं नाही. स्पर्धेत किंवा विक्रीला जाणाऱ्या कामात मासिकातली कात्रणं नकोत, सगळे फोटो स्वतःचे असू द्या.

प्रिंटसाठी १२ बाय १८ इंच हा आकार बरा. ३०० पिक्सेल प्रतिइंच धरले तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ते आरामात मिळतात. मूळ फाइल १६ बिटमध्ये, लेअरसह जपून ठेवा. लॅबला एसआरजीबी जेपेग पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की फाइल दाबली जाते. काउंटरवर "कलर करेक्शन नको" असं स्पष्ट सांगा, नाहीतर मशीन चेहऱ्यानुसार रंग बदलतं आणि तुमची जुळणी मोडते. आधी चार बाय सहाची एक चाचणी प्रिंट काढा आणि ती दुकानाच्या दिव्याखाली न बघता बाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा. शेजारी आलेल्या दोन चेहऱ्यांपैकी एकाचा गाल पिवळट वाटला, तर त्या लेअरचा व्हाइट बॅलन्स दुरुस्त करून दुसरी चाचणी काढा, आणि मगच मोठी प्रिंट टाका.