बोर्दोची बाटली घेताना गावाचं नाव वाचा

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या रेड वाइनच्या पुढच्या लेबलवर द्राक्षाची जात बहुधा छापलेली नसते, त्यामुळे आतली वाइन तुरट निघेल की मऊ, हे दुकानात कळत नाही. शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याचं, चित्र आणि मोठं नाव बाजूला ठेवा. 'आपेलासियों' (वाइन कुठल्या भागातली, ते सांगणारं अधिकृत नाव) हा शब्द असलेली बारीक ओळ शोधा.

१. तिथे मेदोक, पोइयाक, मार्गो किंवा सँ-ज्युलियाँ असेल तर तो जिरोंद या खाडीचा डावा काठ. जमीन खडीची, भर काबेर्ने सोविन्यॉ या द्राक्षावर. कोवळी असताना ही वाइन जिभेला चांगलीच आवळते, म्हणून सोबत मटण हवंच. खुद्द पोइयाक गाव कोकराच्या मटणासाठीही प्रसिद्ध आहे.

२. सँतेमिलियों, पोमरोल, फ्राँसाक म्हणजे उजवा काठ. इथे मेर्लो हे द्राक्ष जास्त, वाइन मऊ. आजच उघडायची असेल तर फ्राँसाक घ्या; पोमरोलच्या मानाने बरीच स्वस्त पडते आणि माझ्या मते पैसे वसूल करते.

एक जपा: सँतेमिलियोंच्या लेबलवर नुसतं 'ग्राँ क्रू' दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. तेही आपेलासियोंचंच नाव आहे. दर्जाच्या अधिकृत वर्गवारीतली वाइन हवी असेल तर 'ग्राँ क्रू क्लासे' असं पूर्ण लिहिलेलं बघा.