किल्ली कोणाकडे दिली?

माझी ऐतिहासिक कादंबरी आठ वर्षं चालली आहे आणि अजून छापून आलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना सल्ला देणारी कोण ते कळेल. गोष्ट गोव्यातल्या कुठ्ठाळीच्या एका गावकर कुटुंबाची आहे. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या भीतीने मंगेशाचं लिंग तिथून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेलं, हे आमच्या फोंड्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. माझं कुटुंब मात्र देव गेल्यावरही मागे राहिलेलं. 1567 मध्ये साष्टीतली (कुठ्ठाळी तेव्हा साष्टीतच होती) देवळं पाडायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे ते होडीत बसतं.

सुरुवातीला मला एक गुरू भेटले होते. त्यांचं सांगणं एकच: आधी सगळं वाचून संपवा, मग लेखणी उचला. मी ऐकलं, आणि त्यात चार वर्षं गेली. पणजीच्या पुराभिलेख खात्याची सुरुवातच 1595 ची. तिथली बाडं एका जन्मात कोण वाचून संपवणार? एक कागद उघडला की तो दुसऱ्या तिघांकडे बोट दाखवतो. संध्याकाळी घरी येताना वाटायचं, केवढं काम झालं! वहीत नोंदी वाढत होत्या, कादंबरीचं पान एकही नव्हतं. ज्याने स्वतः कधी गोष्ट लिहिलेली नाही, त्याने दुसऱ्याला 'लिहायला कधी बसायचं' ते सांगू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आणि जे म्हणतात, 'कादंबरीच तर आहे, इतिहास कोण बघतो', त्यांच्याही नादी लागू नका. मोबाईलवर दोन परिच्छेद वाचून लिहिलेला गोवा ओळखू येतो. त्यात सगळे पोर्तुगीज एकसारखे दुष्ट असतात आणि सगळ्या नद्यांना एकच नाव असतं.

किरकोळ चुका होतीलच, त्यांचं फार मनावर घेऊ नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात 1567 च्या घरावर मंगळुरी कौलं होती. त्या कौलांचा कारखाना निघाला 1865 मध्ये. त्याआधी घरांवर नळ्यांची कौलं असत किंवा माडाची झावळं. प्रियोळला जाऊन मी देऊळ डोळे भरून पाहिलं आणि जसंच्या तसं उतरवलं. ते आजचं रूप अठराव्या शतकातलं आहे, हे घरी आल्यावर कळलं. माझा तारी, म्हणजे होडीवाला, 'पगार' मागत होता आणि म्हातारी 'चावी' शोधत होती. दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दिलेले. फिरंगी अंमल सुरू होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या गावात म्हातारीच्या तोंडी ते इतके रुळले असतील, हे मला पटेना. मी किल्ली केली. अशा गोष्टी एका दुपारी दुरुस्त होतात. कोणी पत्र पाठवून चूक दाखवली तर आभार मानावेत आणि पुढे जावं.

खरी खोड दुसरीच होती, आणि ती मला दोन वर्षं दिसलीच नाही.

निघण्याच्या रात्रीचं प्रकरण मी अकरा पानांचं लिहिलं होतं. गावकर अंगणातली माती कपाळाला लावतो. बायको उंबऱ्यावर डोकं टेकते. म्हातारा म्हणतो, 'हे घर आता पुन्हा दिसायचं नाही, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ताटातूट झाली.' लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या फणसाचे गरे सोडवत बसल्या होत्या, कोयता आणि बोटं खोबरेल तेलाने माखलेली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बरें आसा. पूण किल्ली कोणाकडेन दिली ताणें?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, माणूस घर सोडून जातो तेव्हा किल्ली शेजारी देतो, गाय कोणाच्या तरी गोठ्यात बांधतो, तुळशीला पाणी घालायला सांगतो. तुझा गावकर काहीच करत नाही, नुसता रडतो. "परत येवचें ना म्हणून ताका कोणें सांगलें?"

कोणी सांगितलं? मी सांगितलं. प्रियोळला गेलेला देव तिथेच राहिला, साडेचारशे वर्षं उलटून गेली, हे मला माहीत होतं. त्या गावकराला ते माहीत असण्याचा काही संबंध नव्हता. पुस्तकं वाचून जे शेवट मला कळले होते, ते मी त्याच्या खिशात घालून ठेवले होते. म्हणून तो रडत होता. म्हणजे रडत होते मीच.

जरा सविस्तर सांगते, कारण ही खोड अभ्यास कमी पडल्याने लागत नाही, अभ्यास वाढल्याने लागते. त्या गावकराचा कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, शेतात वाटा आहे. त्याच्या खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या शेताला, बांध आहे, बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार, आहे. ती मानस भरतीला मिटली नाही तर खारं पाणी शेतात शिरतं आणि हंगाम बुडतो. असा माणूस कायमचा जात नसतो, तो एक पीक निघेपर्यंत जातो. पलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आदिलशाही आहे. तिथे चार महिने काढू, इकडे थंड झालं की परतू, असाच त्याचा हिशेब असणार.

मग त्याला भीती नव्हती का? होती. पण ती पुढची नव्हे, मागची. 1540 मध्ये तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्या बेटावरची, देवळं गेली, तेव्हा तो तरुण होता आणि ते त्याने कानांनी ऐकलं होतं. त्याची भीती तिथून आणा. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मचौकशीचं, न्यायालय बसलं. आपण तो शब्द उच्चारतो तेव्हा 1812 पर्यंतचं सगळं डोळ्यांपुढे येतं. त्याच्या कानावर तो नवा, अर्धवट कळलेला, बाजारात कोणीतरी तोडूनमोडून सांगितलेला शब्द आहे. माझा म्हातारा मात्र 1561 मध्येच तो ऐकून थरथरत होता.

आता मी प्रत्येक प्रकरणाआधी वहीत एवढंच लिहिते: आज रात्री या माणसाला काय ठाऊक आहे, आणि कोणाकडून कळलं? दुसरा अर्धा भाग विसरू नका. 'कोणाकडून' लिहायला लागलं की अर्धी माहिती आपोआप गळते, कारण सांगणाराच सापडत नाही.

बातमी किती वेगाने चालते तेही इथेच येतं. माझ्या चौथ्या प्रकरणात गव्हर्नरला राजाचं उत्तर दोन महिन्यांत आलं होतं. जहाजं चालायची वाऱ्यावर. लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास सुटायची, सप्टेंबरच्या आसपास इथे लागायची, परतीला डिसेंबर-जानेवारीत निघायची. म्हणजे जानेवारी 1561 मध्ये पाठवलेल्या पत्राचं उत्तर लवकरात लवकर सप्टेंबर 1562 मध्ये. राजाशी झालेल्या त्या पत्रव्यवहाराच्या बाडांना नावही मोसमावरूनच पडलं आहे, 'मोंसोंइश दु रैनु'. हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला, कथानक कोसळलं म्हणून. मग लक्षात आलं, पावणेदोन वर्षं उत्तर न येणं हेच तर कथानक आहे. वरून हुकूम येईतोवर खालचा माणूस काय काय करून घेतो, त्यावर मला तीन प्रकरणं मिळाली.

अभ्यास असा उपयोगी पडला पाहिजे. माहिती सजावटीला वापरली की वाचक पानं उलटतो. तिच्यामुळे पात्राची वाट अडली किंवा मोकळी झाली तर तो थांबतो. आणखी एक उदाहरण देते. होडी मी पौर्णिमेला सोडली होती, चांदणं छान दिसतं म्हणून. चोरून जाणारी माणसं पौर्णिमेला निघतील? दुर्भाटच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या तारीशी बोलत बसले, तेव्हा ते हसलेच. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते, आत खाडीत थोडा फरक पडतो. अमावस्येला काळोखही मिळतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास पाणीही भरलेलं मिळतं. माझी अख्खी रात्र त्यांनी पाच मिनिटांत बसवून दिली. कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मला असे गुरू बरे वाटतात. फी घेत नाहीत, आणि तुमची वाक्यं सुधारत नाहीत.

पोर्तुगीज येत नाही म्हणून अडून बसू नका. इतिहासकार पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदांवरून मराठीत लिहून ठेवलेलं आहे. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोव्याबद्दलचा वेगळा संग्रह आहे. तिथून सुरुवात करा, आणि त्याच आठवड्यात पहिलं पानही लिहा, वाईट का असेना. अडेल तिथे कंसात 'होडी कसली?' असं लिहून पुढे सरका. होडी नंतर सापडते. मोडलेलं प्रकरण मात्र वाचनालयात जुळत नाही, हे मी चार वर्षं देऊन शिकले. तुम्ही चार महिने द्या फार तर.

आणि हो, लिहिलेलं कापताना जीव तुटतो. माझी अकरा पानं दोनवर आली. गावकर आता रडत नाही. मानस कशी सांभाळायची ते तो शेजाऱ्याला दोनदा समजावतो, किल्ली शेजारणीच्या हातात देतो आणि 'चवथीक येतां' म्हणून निघतो. होडीत बसल्यावर त्याला आठवतं, गोठ्याचं दार उघडंच राहिलं.

हे नवं प्रकरण सासूबाईंना वाचून दाखवलं. या वेळी हातात काही नव्हतं, त्या नुसत्या ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, "मागीर ते शेजारणीन तुळशीक उदक घालें?"

शेजारीण मागेच राहिलेली. पुढच्या दोन वर्षांत तिचा बाप्तिस्मा होणार, हे मला ठाऊक आहे, तिला नाही. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती दुसऱ्याच्या अंगणात उभी आहे, आणि मी गेला महिनाभर तिथेच अडकले आहे.