गुरांना चरताना विषबाधा झाली तर निदान कसं करावं

जनावर रानात अचानक आडवं पडलं की चार माणसं जमतात आणि चार उपाय सुचवतात. गूळपाणी पाजा, ताक पाजा, तेल पाजा. माझं ठाम सांगणं आहे की पडलेल्या, धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत उतरतं आणि विषातून वाचू शकलं असतं ते जनावर गुदमरून जातं. पशुवैद्यकाला फोन करा आणि ते पोचेपर्यंत पुढची कामं उरका.

१. बाकीचा कळप त्या चराईवरून बाहेर काढा, पण सावकाश. रक्तात ऑक्सिजन कमी पडलेलं जनावर पळवलं की जागीच कोसळतं.

२. एखादं मेलं असेल तर लांबूनच पाहा. नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठलेलं रक्त आलं असेल तर फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय धरा. शव फाडू नका, कातडी काढू नका. हवा लागली की त्याचे जंतू बीजाणू बनवतात आणि ते मातीत अनेक वर्षं टिकतात.

३. गुरं कधी सोडली, शेवटची धडधाकट कधी दिसली, पहिलं लक्षण कधी दिसलं, हे लिहून ठेवा.

४. आता रक्ताचा रंग. ही पायरी मला सगळ्यात अवघड गेली, आणि इथेच सर्वात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

‘ज्वारी खाल्ली, म्हणजे सायनाइड’ असं लोक बेधडक सांगतात. कोवळ्या ज्वारीत किंवा पावसाच्या ताणानंतर आलेल्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, हे खरं. पण ताण पडलेल्या त्याच ज्वारीत नायट्रेटही साठतं. दोन्हींत जनावर धापा टाकतं, लडखडतं, पडतं. म्हणजे नुसतं पीक ओळखून भागत नाही. चारा नीट वाळवला की सायनाइड बरंच कमी होतं, नायट्रेट मात्र तसंच राहतं. त्यामुळे वाळला कडबा खाऊन त्रास झाला असेल तर माझा पहिला संशय नायट्रेटवर असतो.

जिवंत जनावराच्या हिरड्या आणि खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात पाहा. सायनाइडमध्ये ती सुरुवातीला लालभडक दिसते, कारण रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. नायट्रेटमध्ये ती मळकट तपकिरी किंवा निळसर पडते आणि रक्त चॉकलेटसारखं दिसतं. घोळ होतो तो इथे: दम लागलेल्या कुठल्याही जनावराचं रक्त काळपट दिसू शकतं. डॉक्टर रक्त काढतील तेव्हा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यायला सांगा आणि शेजारी कळपातल्या निरोगी जनावराचा थेंब ठेवा. नुसत्या ऑक्सिजनअभावी काळवंडलेलं रक्त हवा लागली की लाल होतं. नायट्रेटचं तपकिरीच राहतं. मेलेल्या जनावराच्या रक्तावर विसंबू नका, काही तासांत दोन्हींचे रंग बदलतात.

एवढा आग्रह कशासाठी? सायनाइडवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्रेटच्या जनावराला तेच सोडियम नायट्राइट दिलं तर ऑक्सिजन वाहून न्यायला आधीच निकामी झालेलं रक्त आणखी निकामी होतं. त्याला मेथिलीन ब्लू लागतं. हे निर्णय डॉक्टरांचे, पण रंग पाहिल्याशिवाय सुई टोचायची घाई करणाऱ्याला थांबवणं तुमच्या हातात आहे.

५. रंग नेहमीसारखा असेल तर चराई पायी फिरा. विषारी झुडूप दिसलं एवढ्यावर निदान करू नका, कुरतडलेली फांदी शोधा. घाणेरीत रवंथ थांबतो, डोळे पिवळे पडतात, उन्हात कातडी सोलवटते. कण्हेरीत हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तिची वाळलेली पानंही तितकीच घातक असतात. धोत्र्यात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं. लाळ गळतेय आणि बाहुल्या बारीक झाल्यात? मग झाड शोधणं सोडा, फवारणीचं औषध शोधा.

६. संशयित झाड फुलाफळांसकट कागदात दाबून ठेवा. शवविच्छेदन पशुवैद्यकानेच करावं. यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, पोटातला चारा वेगळा बर्फात. सायनाइडचा संशय असेल तर हा चारा हवाबंद बरणीत भरून लगेच गोठवा. सायनाइड उडून जातं आणि उशिरा पोचलेल्या नमुन्यात काहीच सापडत नाही.